एकदाच उजळणारा दिवा

जुन्या वस्तूंचा नाद असणाऱ्यांना एक अडचण चांगली ठाऊक असते. वस्तू मिळते, पण तिचा खुराक मिळत नाही. ग्रामोफोन सापडतो, त्याच्या सुया सापडत नाहीत. आजोबांचा स्टोव्ह माळ्यावरून खाली उतरतो, पण त्याच्या वायसरसाठी आणि पिनसाठी गावभर हिंडावे लागते. वस्तू टिकाऊ असते. तिला रोज लागणारे सामान मात्र किरकोळ असते, आणि किरकोळ म्हणूनच ते कोणी जपून ठेवत नाही.

या अडचणीशी माझी गाठ पडली ती एका फ्लॅशगनमुळे. माझ्या मोठ्या मामांचा साताऱ्याला फोटो स्टुडिओ होता. मामा गेले, स्टुडिओ त्याआधीच बंद झाला होता. परवाच्या उन्हाळ्यात मामीने ट्रंक उघडून त्यांचा रोलायकॉर्ड कॅमेरा आणि जपानी पंख्यासारखी उघडमीट करणारी छोटी फ्लॅशगन माझ्यापुढे ठेवली. मी हरखून गेलो. परंतु मामीची एक अट होती.

"नुसती कपाटात मांडून ठेवणार असशील तर नेऊ नकोस," ती म्हणाली. "यांनी उभ्या गावाची लग्नं काढली, पण माझा म्हणून एक धड फोटो घरात नाही. हा दिवा लावून माझा एक फोटो काढ, आणि मग ने."

"मामी, मोबाईलमध्ये आत्ता काढतो की!"

"मोबाईलातला नको. यांच्या दिव्यातला हवा."

मामीचे वय त्र्याऐंशी. मी मराठी शिकवणारा माणूस. विजेशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. तरीही 'काढतो' म्हणून बसलो, आणि दुसऱ्याच दिवसापासून बॅटरी आणि बल्ब या दोन वस्तूंच्या शोधाला लागलो.

आधी हा दिवा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकांनी तो पाहिलेला नसेल. अंधारात फोटो काढायचा तर उजेड आणायचा कोठून, हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेटसारखी रसायने मिसळून क्षणात भडकणारी दारू तयार केली. तिने लख्ख उजेड पडे. पण धूर होई, आग लागे, आणि फोटोग्राफरची बोटे व भुवया दोन्ही धोक्यात येत. १९३० च्या सुमारास ही सारी आतषबाजी काचेच्या बंद फुग्यात गेली. फुग्यात प्राणवायू भरायचा, केसासारखी बारीक ॲल्युमिनियमची तार किंवा वर्ख कोंबायचा, आणि मध्ये एक तंतू ठेवायचा. त्या तंतूवर पेट घेणारा लेप असतो. वीज मिळताच तंतू तापतो, लेप पेटतो, आणि आतला धातू एका झपाट्यात जळून जातो. पुढे पुढे ॲल्युमिनियमऐवजी झिर्कोनियम हा धातू आला आणि बल्ब सुपारीहून लहान झाले. फुलबाजीतल्या पांढऱ्या ठिणग्या ॲल्युमिनियमच्याच असतात. तेव्हा फ्लॅशबल्ब ही काचेत कोंडलेली आणि सेकंदाच्या काही शतांशात संपणारी फुलबाजीच म्हणायची.

आणि फुलबाजीसारखाच तो एकदा जळला की संपला. घरातला दिवा आपण लावतो आणि मालवतो. या दिव्याला मालवणे ठाऊक नाही. प्रत्येक फोटोला नवा बल्ब. जुना काढायचा तोही रुमालाने धरून, कारण काच तापलेली असते.

आता बॅटरी. 'बॅटरी' या शब्दाने मला पहिल्याच दुकानात चकवले. मराठी घरात बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्यात घालतात तो सेल. मी 'फ्लॅशची बॅटरी' मागितली, तेव्हा दुकानदाराने मोठ्या प्रेमाने लाल रंगाचा टॉर्च पुढे केला. शाळेच्या पुस्तकांत सेलला 'घट' आणि अनेक घट जोडले की 'घटमाला' असे शब्द आहेत. हे शब्द बोजड म्हणून मी आजवर हसत आलो होतो. परंतु मामांच्या फ्लॅशगनच्या पोटातून जी वस्तू निघाली तिला घटमाला याहून चांगला शब्द नाही. काडेपेटीपेक्षा थोडी अरुंद अशी ती डबी होती. तिच्यात दीड दीड व्होल्टचे पंधरा चपटे घट एकावर एक रचलेले, म्हणजे एकूण साडेबावीस व्होल्ट. डबी फुटून पांढरट हिरवी बुरशी सगळीकडे पसरली होती.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की एवढे व्होल्ट कशाला? तंतू तापवायला तीन व्होल्टही पुरतात. सुरुवातीच्या फ्लॅशगन टॉर्चच्याच दोन किंवा तीन सेलांवर चालत. हा प्रश्न मी आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक मित्राला विचारला, आणि चहाच्या एका कपात उत्तर मिळाले. टॉर्चचा सेल जुना झाला की व्होल्ट दाखवतो, पण एकदम मोठा प्रवाह देण्याचे बळ त्याच्यात राहत नाही. मग नेमका हार घालण्याच्या क्षणी बल्ब पेटत नाही. म्हणून युक्ती काढली ती अशी. बॅटरीने बल्बला थेट वीज द्यायचीच नाही. तिने एक कपॅसिटर हळूहळू भरायचा, आणि बटण दाबले की कपॅसिटरने आपला साठा एका दमात बल्बमध्ये ओतायचा. नळाची धार करंगळीएवढी असली तरी बादली भरते, आणि भरलेली बादली एकदम उपडी करता येते. बॅटरी थकली तर बादली भरायला थोडा वेळ अधिक लागेल, इतकेच.

हे कळल्यावर निम्मी चिंता मिटली. साडेबावीस व्होल्टची ती विशिष्ट डबी पुण्यात मिळाली नाही. परदेशातले काही छोटे उत्पादक ती अजून बनवतात, पण किंमत आणि टपाल मिळून ती कॅमेऱ्याच्या भावात पडते. (तिची धाकटी बहीण म्हणजे पंधरा व्होल्टची दहा घटांची डबी. तीही काही फ्लॅशगनना लागते. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या ॲव्होमीटरलाही तीच लागते, आणि म्हणून तो बिचाराही आडवा पडून आहे.) पण कपॅसिटरला डबीच्या मापाशी काय देणेघेणे? त्याला व्होल्ट मिळाल्याशी कारण. दाराच्या बिनतारी घंटेच्या किंवा गाडीच्या रिमोटमध्ये करंगळीच्या पेराएवढा बारा व्होल्टचा सेल असतो. 'ए-२३' म्हणून मागितला की मिळतो. असे दोन एकापुढे एक जोडले की चोवीस व्होल्ट होतात.

पुण्याच्या तपकीर गल्लीत एका कारागिराने लाकडाचा तुकडा तासून त्यात हे दोन सेल शेजारी शेजारी, एक सुलटा आणि एक उलटा, असे बसवले आणि तांब्याच्या पट्टीने टोके जिथल्या तिथे आणून दिली. जुना कपॅसिटर मात्र त्याने बदलायलाच लावला. वर्षानुवर्षे पडून राहिलेला कपॅसिटर आतून सुकतो आणि गळक्या बादलीसारखा होतो. शंभर मायक्रोफॅरडचा, पस्तीस व्होल्ट सोसणारा नवा कपॅसिटर पाच रुपयांत आला. हा बदलताना धन आणि ऋण टोक उलटे होऊ द्यायचे नाही, एवढे पथ्य आहे.

गळलेली बॅटरी साफ करण्याची रीतही त्यानेच सांगितली. जुन्या झिंक-कार्बन सेलांची गळती आंबट, म्हणजे आम्लधर्मी; तिला खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन पुसायचे. नव्या अल्कलाइन सेलांची गळती उलट स्वभावाची. तिला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. नंतर कोरडे करून पत्र्याच्या टोकांना बारीक सँडपेपर लावायचा. ज्यांच्या घरी जुने टॉर्च आणि ट्रान्झिस्टर रेडिओ असे कुजून पडले आहेत, त्यांनाही ही रीत उपयोगी पडेल.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. ही सारी खटपट बल्बच्या फ्लॅशगनची आहे. बल्बनंतर आलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हे वेगळे प्रकरण आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात तो पुढे आणला. त्याच्या नळीतला वायू हजारो वेळा चमकतो, आणि त्यासाठी शेकडो व्होल्ट लागतात. जुन्या काही फ्लॅशना तर पाचशे दहा व्होल्टची कोरडी बॅटरी जोडत. असा जुना फ्लॅश घरी उघडू नये, बंद असला तरी. त्याचा कपॅसिटर माणसाला जबर धक्का देऊ शकतो. आणि तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यालाही सहजासहजी जोडू नये, कारण त्याच्या जोडणीवर दोनशेहून अधिक व्होल्ट असू शकतात आणि कॅमेऱ्याची नाजूक मंडले जळतात.

तात्पर्य, बॅटरी हा अक्कलहुशारीने सुटणारा प्रश्न निघाला. बल्बाचे तसे नाही. व्होल्टला पर्याय असतो, पण काचेत भरलेला प्राणवायू आणि धातूची लोकर घरी बनवता येत नाही. मोठमोठ्या कारखान्यांनी हे बल्ब बनवणे केव्हाच थांबवले. जगात आज जे शिल्लक आहेत, ते बहुतेक कोणाच्या तरी कपाटात राहून गेलेले आहेत, आणि प्रत्येक फोटोगणिक त्यांतला एक कमी होतो.

मुंबईला परीक्षेच्या कामासाठी गेलो, तेव्हा बोरा बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारले. एका वयस्क दुकानदाराने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. "मास्तर, हे मागणारा शेवटचा माणूस कधी आला होता तेसुद्धा आता आठवत नाही," असे म्हणून त्याने मला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी एक आणि रविवारी तीन चकरा झाल्या. तिथे एका पथारीवर फ्लॅशक्यूब मिळाले. चार बाजूंना चार इवले बल्ब असलेला हा चौकोनी ठोकळा १९६५ साली निघाला, पण तो ठरावीक कॅमेऱ्यांवरच बसतो. त्याच्याच शेजारी १९७० सालचा मॅजिक्यूब होता. या पठ्ठ्याला बॅटरीच लागत नाही. कॅमेऱ्यातली कळ त्याच्या बुडाशी टिचकी मारते आणि तेवढ्याने तो पेटतो. बॅटरीसाठी इतकी पायपीट केल्यावर मला त्याचा हेवा वाटला. पण मामांच्या फ्लॅशगनच्या तो काही कामाचा नव्हता. बल्बांची ही आणखी एक गोम आहे. कोणाला स्क्रूची टोपी, कोणाला खिट्टीची, आणि आमच्यासारख्यांना टोपीच नाही, नुसती चपटी काच आणि दोन तारा. नाते जमल्याशिवाय दिवा बसत नाही.

शेवटी एका पथारीवर आमच्या जातीचे पाच बल्बांचे खोके दिसले. विक्रेत्याने माझा चेहरा पाहिला आणि भाव दुप्पट केला.

"ओ सर, पेटी उघडलेली पण नाही. शंभर टक्के माल आहे."

तोवर मी थोडा जाणता झालो होतो. या बल्बांच्या आत निळ्या रंगाचा एक ठिपका असतो. तो शोभेचा नव्हे. तो रंग कोबाल्टच्या क्षाराचा. कोरडा असेपर्यंत निळा, दमट हवा लागली की गुलाबी. काचेला केसाएवढी चीर गेली आणि बाहेरची हवा आत शिरली, की ठिपका गुलाबी होऊन सांगतो, मला पेटवू नका. असा बल्ब पेटवला तर फुटण्याची भीती असते. बल्बवर लाखेसारखा लेप दिलेला असतो तो काचा उडू नयेत म्हणूनच. मी खोके उघडायला लावले. पाचही ठिपके गुलाबी होते. कोणीही हात न लावता, बंद खोक्यात, जागच्या जागी ते पाचही निकामी झाले होते.

त्या दिवशी मला त्या विक्रेत्याचा राग आला नाही. विचार मात्र पडला. कोणीतरी ते खोके जपून ठेवले असेल. चांगल्या प्रसंगासाठी ठेवले असेल. प्रसंग येत गेले असतील, आणि दर वेळी 'इतक्यात नको' म्हणून खोके पुन्हा कपाटात गेले असेल.

बल्बांच्या मोजदादीने मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाई महात्मा गांधींचा चरख्याजवळचा फोटो काढायला आल्या. आधी त्यांना सूत कातायला शिकावे लागले. मग परवानगी मिळाली ती तीन बल्बांची, त्याहून एकही अधिक नाही. पहिला बल्ब वाया गेला. दुसरा पेटला, पण घाईत फिल्मपुढची पट्टी ओढायची राहिली. तिसऱ्याने हात दिला, आणि तो फोटो आज जगभर ओळखला जातो. दुसरे उदाहरण विन्स्टन लिंक यांचे. अमेरिकेत वाफेची इंजिने बंद होत असताना, १९५५ ते १९६० या काळात, नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेच्या रात्रीच्या गाड्यांचे फोटो त्यांनी काढले. एका चित्रासाठी चाळीसहून अधिक बल्ब एकाच मंडलात जोडलेले. माळेतला एक निखळला तर सगळी रात्र अंधारात, आणि गाडी काही परत येणार नाही! रंगीत तालीम करायची सोयच नव्हती. तरी त्यांनी ते केले, कारण ती इंजिनेही बल्बांसारखीच संपत चालली होती.

माझी गाडी अडली होती ती साताऱ्यातच सुटली. मामांच्या हाताखाली पोरवयात काम केलेले एक गृहस्थ अजून तिथे राहतात. आता सत्तरीच्या पुढचे. मामीनेच त्यांचे नाव सुचवले. मी गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. बल्बचे नाव काढताच उठून आत गेले आणि बिस्किटांच्या डब्यातून एक खोके घेऊन आले. चार बल्ब, चारही ठिपके निळे.

"विकायचे नाहीत, सर," ते म्हणाले. "मालकांनी दिलेत. पण फोटो कुणाचा काढणार ते आधी सांगा."

मी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग जुन्या दिवसांचे बोलत बसले. "एका लग्नाला सहा बल्ब मिळायचे. माल बाहेरून यायचा, मिळायचा नाही. एक अंतरपाट निघतो तेव्हा, एक हार घालताना, एक सप्तपदीला, एक घरच्या मंडळींचा, एक पाठवणीला. सहावा मालक शर्टाच्या खिशात ठेवायचे. तो धीराचा. एखादा नाही पेटला तर असावा म्हणून. त्याच्यावर कितीही गळ घातली तरी फोटो काढायचे नाहीत."

त्यांनी खोक्यातले दोन बल्ब काढून माझ्या हातावर ठेवले. "एक कामाचा आणि एक धीराचा. बाईंना नमस्कार सांगा."

फोटो काढण्याआधी मी घरी आठ दिवस कोरडा सराव केला. बल्बच्या जागी एल.ई.डी.चा छोटा दिवा रोधकासह जोडून कॅमेऱ्याचे बटण दाबले की तो लुकलुकतो का, हे पाहायचे. कॅमेऱ्यावर 'एम' आणि 'एक्स' अशी दोन अक्षरे असतात. बल्बला पूर्ण तेजावर यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, म्हणून 'एम'वर कॅमेरा तेवढा दम धरून मग डोळा उघडतो. 'एक्स' हे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. त्याला थांबायची गरज नसते. ज्या कॅमेऱ्यावर 'एम' नाही, तिथे सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका किंवा त्याहून संथ वेग ठेवला म्हणजे उजेड सापडतो. छिद्र किती ठेवायचे, याचे गणित शाळकरी मुलालाही येईल. खोक्यावर फिल्मनुसार एक अंक छापलेला असतो. त्याला अंतराने भागायचे. अंक बत्तीस आणि माणूस चार मीटरवर असेल, तर छिद्र आठ.

मामी नऊवारी नेसून माजघरातल्या झोपाळ्यावर बसली. मांडीवर हात, पाठ ताठ. मी बल्ब बसवला, तोंड दुसरीकडे वळवून. कारण जोडणीत दोष असेल तर बल्ब हातातच पेटतो.

"किती काढणार?" तिने विचारले.

"एकच."

"मग जरा थांब," असे म्हणून तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "हं."

मी बटण दाबले. माजघर क्षणभर दुपारच्या उन्हासारखे उजळले, भिंतीवरच्या खुंट्यांच्या सावल्या उडी मारून गेल्या, आणि जळक्या काचेचा हलका वास आला. मामी डोळे मिटून बसली होती. "हाच," ती म्हणाली. "लग्नात माझ्या डोळ्यांपुढे असाच हिरवा गोळा फिरत होता."

एका विद्यार्थ्याने ती फिल्म आपल्या घरच्या न्हाणीघरात धुतली. फोटो चांगला आला. चष्म्यात मात्र बल्बचा उजेड ठिपक्यासारखा उतरला आहे. विद्यार्थी म्हणाला, हा दोष काढून टाकता येईल. मामीने काढू दिला नाही.

धीराचा बल्ब परत द्यायला मी त्या गृहस्थांकडे गेलो, तर त्यांनी घेतला नाही. त्याच्याबद्दल एकच ताकीद दिली: ठिपका निळा आहे तोवर वापरा. आता माझ्या टेबलाच्या खणात तो आहे, आणि खण उघडला की मी आधी ठिपका पाहतो. तो कोणासाठी वापरायचा हे माझे ठरले आहे. आमच्या गावातल्या शाळेतल्या माझ्या पहिल्या गुरुजींनी या पौषात नव्वदी गाठली की त्यांच्याकडे जायचे आहे.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई आपण सगळेच करतो. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, जुन्या डब्यांची झाकणे उघडतात. अशा एखाद्या डब्यात इवल्या काचेच्या बल्बांचे खोके सापडले, तर ते भंगारात टाकू नका आणि मुलांच्या हातीही देऊ नका. उजेडात धरून ठिपका पाहा. गुलाबी असेल तर प्रश्न मिटला. निळा असेल, तर पुन्हा नीट बांधून वर ठेवायच्या आधी घरातल्या मंडळींकडे एकदा नजर टाका. कोणाचा फोटो काढायचा राहून गेला आहे, ते विचारावे लागणार नाही.